गस बेंडरचा तहहयात पास

लिंडेनबर्गातल्या गस बेंडरच्या दुकानात, गल्ल्याच्या वर, एक पास काचेच्या चौकटीत लावलेला होता. 'ऑगस्ट बेंडर यांस लिंडेनबर्ग फुटबॉल संघाच्या सर्व सामन्यांना पहिल्या रांगेत तहहयात मोफत प्रवेश.' खाली संघाच्या कारभाऱ्याची सही, नगराध्यक्षाची सही, आणि त्याखाली बारीक पण ठसठशीत अक्षरांत: 'सदर पासाचा वापर न करण्याची कृपा करावी.'

नवं गिऱ्हाईक हे वाचून हसायचं. गस हसायचा नाही. "हसताय काय? अख्ख्या ओहायोत असा पास दुसऱ्या कुणाकडं असला तर आणून दाखवा," म्हणायचा. तसा तो नव्हताच कुणाकडं. बरं, पास मिळाला त्याच्या पुढच्याच उन्हाळ्यात एका मोठ्या शहरातल्या शेटजींनी आमचा संघ विकत घेतला, त्याचं नाव बदललं आणि खेळाडूंसकट उचलून नेला. म्हणजे पास वापरायचा नाही तो नाहीच, वर ज्या संघाचा पास तो संघही जागेवर नाही. तरी गस दर शनिवारी ती काच तोंडाची वाफ मारून पुसायचा. मरेपर्यंत पुसली.

गसचा धंदा खोगीर-लगामाचा. गावात मोटारी आल्या आणि घोडे कमी झाले, तसा तो चामड्याचं मिळेल ते शिवायला लागला. कमरपट्टे, पिशव्या, भट्टीवाल्यांचे हातमोजे आणि फुटबॉलवाल्यांच्या चामडी टोप्या. गाव चिनी मातीच्या कपबश्यांचं. अर्धा गाव भट्टीवर, उरलेला अर्धा भट्टीवाल्यांना पाव आणि मटण विकणारा. त्यामुळं संघाला 'कुंभार' सोडून दुसरं नाव कुणाला सुचलंच नाही. खेळाडू आठवडाभर कारखान्यात राबायचे आणि रविवारी चर्च सुटलं की मैदानात उतरायचे. त्याचे पैसे मिळायचे, म्हणून ते धंदेवाईक म्हणायचे. फुटबॉल म्हणजे नुसत्या पायानं खेळायचा तो नव्हे. आमचा चेंडू अंड्याच्या आकाराचा. तो बगलेत मारून एकानं पळायचं आणि बाकीच्यांनी त्याला चिखलात लोळवायचं. चेंडू घेऊन पलीकडची रेषा गाठली, किंवा रेषेपलीकडं सुटलेल्या चेंडूवर अंग टाकलं, की टचडाउन.

पहिला चेंडू गसनंच शिवला, एका म्हाताऱ्या खोगिराचा. त्यानंतर दहा वर्षं कुंभार हरत राहिले. चांगले सणसणीत हरायचे. मैदानात खेळाडू जास्त आणि बघणारे कमी, अशा गारठ्याच्या दिवसांत गस एकटा फळीवर उभा राहून "हाणा रे, कुंभारांनो!" म्हणून ओरडायचा. आवाज असा की पलीकडच्या रस्त्यावरचं घोडं बिचकावं. त्याची बायको टिली म्हणायची, "लग्नात एवढ्या मोठ्यानं 'हो' म्हणाला असतास तर पाद्र्यांना दोनदा विचारावं लागलं नसतं."

आणि मग तो हंगाम आला.

पहिल्याच सामन्यात कुंभार मागं पडले होते. त्यात विशेष काही नव्हतं. विशेष एवढंच, की टिलीची आंबवलेली कोबी आदल्या दिवशी जरा जास्तच आंबली होती आणि ऐन खेळात गसला मैदानामागच्या लाकडी संडासाकडं धाव घ्यावी लागली. तो आत बसलेला असताना बाहेर असा गलका उठला की त्याला वाटलं भट्टीचं धुराडं कोसळलं. पँट सावरत बाहेर येतो तो सामना संपलेला, आणि कुंभार जिंकलेले! लोक टोप्या उडवत होते. गसनं भेटेल त्याला धरून विचारलं, "कसं झालं? कुणी केलं?" पण आनंदात असलेला माणूस धड सांगत नाही. जो तो "काय सांगू गस, तू असायला हवा होतास!" एवढंच म्हणे.

दुसऱ्या रविवारी पोट ठणठणीत होतं. गस बसून राहिला, कुंभार मागं पडले. कुणीतरी गमतीनं ओरडलं, "गस, लेका, तुला नाही का लागली?" लोक खो खो हसले, गसही हसला, आणि दाणे आणायला म्हणून उठला. तो फाटकाबाहेर पडतो न पडतो तोच टचडाउन. दाण्यांचा पुडा घेऊन आत आला, पलीकडच्यांनी परतफेड केली. पुन्हा बाहेर गेला, पुन्हा टचडाउन. तिसऱ्या रविवारी मात्र कुणी हसलं नाही. सामना सुरू व्हायच्या आधी गसचा सख्खा मेहुणा, फाटकावर तिकिटं फाडणारा एमिल, त्याच्या दंडाला धरून म्हणाला, "गस, चल. मी सोडतो तुला बाहेरपर्यंत."

आमच्या गावाची एक खोड आहे. जिंकत असताना काही बदलायचं नाही. पहिल्या विजयाच्या दिवशी जे मोजे घातले तेच हंगामभर, जिथं बसलो तिथंच, आणि कुणाला शिंक आली असेल तर त्यानं पुढच्या रविवारी मिऱ्यांची पूड घेऊन यायचं. पण मोजे वेगळे आणि माणूस वेगळा, हे कुणाच्या टाळक्यात शिरेना.

संघाचा कारभारी व्हर्नन पार्मली. औषधांचं दुकान त्याचं. तेव्हा देशात दारूबंदी होती आणि पार्मली खोकल्याचं औषध विकायचा. आमच्या गावाला खोकला रविवारीच यायचा, तोही सामन्याच्या आधी. असा हा जबाबदार माणूस. त्यानं दुकानात बैठक बोलावली आणि गसला खुर्ची देऊन बाकीच्यांना उभं केलं. गसला तेव्हाच कळलं की आपलं काही खरं नाही.

"हे बघ गस," पार्मली म्हणाला, "तुझ्यावर कुणाचा राग नाही. पण औषधाचं एक असतं. मात्रा कमी पडली की गुण येत नाही. तुला फाटकाबाहेर ठेवलं, आपण एका टचडाउननं जिंकलो. मागच्या रविवारी तू भट्टीपर्यंत गेलास, दोननं जिंकलो."

"मी भट्टीपर्यंत शेकायला गेलो होतो हो. थंडी होती."

"का गेलास ते महत्त्वाचं नाही. अंतर महत्त्वाचं."

"मग कॅलिफोर्नियाला पाठवा मला. समोरचे मैदानात उतरायचेच नाहीत."

पार्मलीनं चष्मा पुसत त्यावर खरोखर विचार केला. "भाडं फार होईल," तो म्हणाला.

मागून कुणीतरी शंका काढली, की टोप्या तर गसच शिवतो, त्यांचं काय? त्यावर बराच खल झाला. शेवटी ठरलं, की टोप्या घालूनच जिंकलो, तेव्हा गसचे हात चालतील, डोळे नकोत. ओटो लुंड नावाचा बेकरीवाला, आमच्या संघातला सगळ्यात जाडा गडी, त्याचा जीव कळवळला. तो म्हणाला, "डोळेच बांधू या ना. बसू दे बिचाऱ्याला." आणि आपल्या बेकरीतलं पिठाचं पोतं घेऊन आला.

एक रविवार गस तोंडावर पोतं घेऊन बसला. शेजारचे सांगत होते, तो ऐकत होता, अधूनमधून पिठानं शिंकत होता. तिसऱ्या डावात समोरच्यांनी एकाएकी मुसंडी मारली आणि अख्खं मैदान गसकडं वळलं. "पाहिलंस ना? गस, खरं सांग!" गसनं आईची शपथ घेतली. मुकाट्यानं त्याला उचलून पुलापलीकडं नेऊन ठेवलं आणि कुंभार जिंकले.

घरी आल्यावर टिलीनं त्याच्या कानातलं पीठ काढता काढता विचारलं, "पाहिलंस का रे?"

"एका डोळ्यानं," गस म्हणाला. "पोत्याची शिवण उसवली होती. अगं, मी शिवणारा माणूस, मला ती दिसणारच."

"तू उद्या जाऊन सांग त्या पार्मलीला, की मी यापुढं हलणार नाही. गावात एकाला तरी अक्कल असू दे."

"आणि मी हललो नाही आणि हरलो तर? गाव जन्मभर माझ्या डोक्यावर खापर फोडेल. गावाचं सोड, मीच फोडीन." "टिली, दहा वर्षं मी त्यांना हरताना बघितलंय. एकूण एक हार बघितलीय. मला एकदा जिंकताना बघायचंय गं. एकदाच. मग नेऊन टाका कुठं टाकायचं तिथं." टिली नुसतं पीठ झटकत राहिली.

त्यानंतर प्रकरण वाढतच गेलं. मैदानाच्या लाकडी कुंपणाला गाठी गळून पडलेली भोकं होती. गस बाहेरून डोळा लावेल म्हणून कारखान्यातून ओली माती आणून सगळी भोकं लिंपली. आत खजिना ठेवला असता तर इतकं जपलं नसतं. दर रविवारी गसची गावाबाहेर पाठवणी व्हायला लागली, तीही साधी नाही, बँडबाजा लावून. खाटीक सॉसेज बांधून द्यायचा, पाद्री खांद्यावर हात ठेवायचे, बायका रुमाल हलवायच्या. ज्या गावात कुणी गसला उभ्या उभ्या कॉफी पाजली नव्हती, त्या गावात आता तो न्हाव्याकडं गेला की लोक आपला नंबर त्याला द्यायचे. इतका मान आमच्या गावानं कुणाला दिला नाही. अट एकच, दिसायचं नाही.

कुंभार जिंकत गेले आणि हंगामाच्या शेवटच्या रविवारी गाठ पडली पेनसिल्व्हेनियातल्या ब्लॅकरिजच्या खाणवाल्यांशी. सामना आमच्या मैदानावर. जिंकलो तर करंडक आमचा. नुसती बरोबरी झाली तरी तो त्यांचा, कारण त्यांचे गुण आधीच वर होते. पार्मलीनं मात्रा ठरवली, टुली जंक्शन. चांगलं पाऊण तासाचं अंतर, आजूबाजूला शेतं आणि एक पाण्याची टाकी. सकाळच्या गाडीनं गसला पाठवायचं, संध्याकाळच्या गाडीनं तो परत येईल. गाडी हलली तेव्हा फलाटावर बँड वाजत होता आणि टिली पार्मलीकडं अशी बघत होती, की तो दोन पावलं मागं सरकला.

टुली जंक्शनच्या प्रतीक्षालयात शेगडीजवळ एक म्हातारी आधीच बसलेली होती. काळी टोपी, मांडीवर टोपली. गसनं टोपी काढून नमस्कार केला आणि विचारलं, "कुठं निघालात बाई?"

"कुठंच नाही," ती म्हणाली. "मला इथं उतरवलंय."

"कुणी?"

"आमच्या गावच्या लोकांनी. ब्लॅकरिजची खास गाडी होती सामन्याला. मी गपचूप मागच्या डब्यात बसले होते. कुणीतरी ओळखलं, आणि इथं गाडी थांबवून टोपलीसकट खाली ठेवलं. वाईट नाहीत हो माणसं. अंडी उकडून दिलीत." मग जरा खाली बघून म्हणाली, "मी बघायला गेले की आमचे हरतात."

गस तिच्यासमोरच्या बाकावर मटकन बसला. मग त्यानं स्वतःची कहाणी सांगितली, अगदी संडासापासून. म्हातारी हसली नाही. फक्त पोत्यापाशी आल्यावर म्हणाली, "आमच्याकडं हे नाही सुचलं कुणाला."

तिचं नाव हॅना प्रोसर. नवरा खाणीतल्या अपघातात गेलेला. मुलगा एव्हन ब्लॅकरिजच्या संघात, चेंडू लाथेनं लांब उडवायचं काम त्याचं. दोनदा ती बघायला गेली, दोनदा ते हरले, आणि त्यानंतर एव्हननंच तिला सांगितलं, आई, तू घरीच थांब. "पोरगा चांगला आहे माझा," ती म्हणाली. "पण मी त्याला नीट खेळताना बघितलंच नाही. दोन्ही वेळेला माझ्यापुढं टोपीवाल्या बायका होत्या."

गसनं सॉसेज काढलं, तिनं अंडी काढली. निम्मं निम्मं खाल्लं. खाता खाता दोघांच्याही मनात एकच विचार आला, आणि दोघंही एकदम फार प्रेमळ झाले.

"बाई, मी म्हणतो तुम्ही जावंच," गस म्हणाला. "आईनं मुलाला बघायचं नाही, हे काय झालं? दुपारची दुधाची गाडी जाते लिंडेनबर्गला."

"छे छे, तुम्हीच जा," हॅना म्हणाली. "दहा वर्षं ओरडलात बिचारे. तुमचा हक्क पहिला."

"नाही हो, तुम्ही."

"मुळीच नाही. तुम्ही."

असं बराच वेळ चाललं. मग दोघांनी एकमेकांकडं बघितलं आणि गसच आधी फुटला. तो इतका हसला, की स्टेशनमास्तर खिडकीतून डोकावला. हॅना पदरानं डोळे पुसावेत तशी शालीच्या टोकानं पुसत होती. स्टेशनमास्तरनं जाता जाता सांगितलं, तारेवर खबर आलीय, निम्मा खेळ झाला, कुणाचंच काही नाही. शून्याला शून्य.

"बघा," हॅना म्हणाली, "तुम्ही इथं, मी इथं, म्हणून काटा हलत नाही. आपण दोघंही गेलो तरी तेच होणार. तुमचं माझं फिटेल."

गस हिशेब करत राहिला. त्यात त्याला खोट सापडेना. खरं म्हणजे त्याला ती सापडू द्यायची नव्हती. दुधाची गाडी आली, तेव्हा टोपलीत एक अंडं उरलं होतं. ते घेऊन दोघं दुधाच्या कॅनांमध्ये उभी राहून लिंडेनबर्गला आली.

मैदानाशी पोचली तेव्हा शेवटचा डाव चालू होता आणि बर्फ भुरभुरत होतं. फाटकात एमिल. गसला बघून त्याच्या हातातली तिकिटं गळून पडली. "देवा रे! गस! अरे कुणी पाहिलं का तुला?" म्हणत त्यानं अंगातला कोट काढून गसच्या डोक्यावरून टाकला. "शून्याला शून्य आहे अजून! मला जिवंत सोडणार नाहीत लोक! आणि या कोण?"

गसनं कोट आणखी पुढं ओढला.

"सांगा त्याला," हॅना हळूच म्हणाली.

"मी नाही सांगणार बाई. सांगितलं तर तुम्हाला आत नेऊन बसवतील. तुमचा पोरगा आहे तिथं."

"म्हणून तर. नाही सांगितलंत तर तुमच्याबरोबर मलाही इथूनच परत पाठवतील. तो जिंकेल, बरं वाटेल मला. पण इतक्या लांब येऊन मी कुंपणच बघून जाऊ का?"

"आणि हरला तर?"

"हरलेलं पोरगं घरी येतंच की हो. मी कुठं ओवाळून टाकणार आहे?"

गसनं कोटाआडून एक लांब श्वास घेतला. "एमिल, या एव्हन प्रोसरच्या आई. त्यांच्या गावात या म्हणजे मी."

आमच्या गावात असल्या गोष्टीला पुरावा मागायची पद्धत नाही. एमिल आत धावला आणि पार्मली स्वतः पळत आला, वाटेत टोपी पडली ती न उचलता. "या बाई, या! अहो, थंडीत काय उभ्या राहिलात! पहिल्या रांगेत जागा आहे!" त्यानं तिला हात दिला. मग कोटाकडं बघून विचारलं, "हा कोण?"

"कोट आहे," एमिल म्हणाला.

पार्मलीला थांबायला वेळ नव्हता. फाटक लागलं. आत कुणीतरी आमच्या संघाचं लाल घोंगडं आणा, कॉफी आणा म्हणून ओरडत होतं. खोकल्याचं औषधही आणा, असंही कुणीतरी म्हणालं. एमिल गसला म्हणाला, "हलू नकोस," आणि तोही आत पळाला.

गस एकटा उरला. डोक्यावरचा कोट त्यानं काढला. समोर कुंपण, आणि बरोबर डोळ्यांच्या उंचीला मातीनं लिंपलेलं एक भोक. थंडीनं माती वाळून तिला तडा गेला होता. गसच्या खिशात आरी कायमच असायची. चामड्याला भोकं पाडण्यात ज्याचा जन्म गेला, त्याला चिमूटभर मातीचं काय? आत शिट्टी वाजली. गसनं आरी काढली, तड्यात घातली आणि फिरवली. मातीचा एक कपचा आत पडला आणि बारीकसा उजेड दिसला.

पण त्यानं डोळा लावला नाही. त्याला स्वतःलाही हे सगळं खुळचट वाटत होतं, पार्मली खुळा, गाव खुळं, सगळं कळत होतं त्याला. पण आत ओटो होता, त्यानं शिवलेल्या टोप्या होत्या, दहा वर्षांचा चिखल होता, आणि जर खरंच असलं तर? गसनं आरी खिशात टाकली, कुंपणाकडं पाठ केली आणि त्या भोकावर पाठ घट्ट दाबून उभा राहिला. समोर रिकामा रस्ता. दोन मोटारी, एक घोडा. गस घोड्याकडं बघत राहिला.

आत सगळं एकदम शांत झालं. मग असा गलका उठला, की पाठीमागची फळी थरथरली. कुणाचा गलका, ते कळेना. ब्लॅकरिजचेही शेकडो लोक होते आत. गसनं डोळे मिटून घेतले. आणि मग आमचा बँड सुरू झाला, नेहमीसारखा बेसूर, आणि गसला कळलं.

लोक पलीकडच्या फाटकानं निघाले, खेळाडूंना खांद्यावर घेऊन, चौकाकडं. इकडं कुणीच आलं नाही. आठवण होऊन पार्मलीनं पास वगैरे केला तो पुढच्या आठवड्यात. या बाजूच्या फाटकातून फक्त एक माणूस बाहेर आलं, लाल घोंगडं पांघरलेली हॅना प्रोसर. नाक लाल, डोळे ओले.

"जिंकलात," ती म्हणाली.

"कळलं," गस म्हणाला. "बाई, कसं झालं? मला कुणी धड सांगत नाही हो कधी."

हॅनानं टोपली खाली ठेवली आणि आतलं अंडं काढलं. "या इकडं. हे बघा. ही तुमच्या कुंपणाची कड म्हणजे आमची रेषा. एव्हन इथं उभा, रेषेच्या अगदी जवळ. त्याच्याकडं चेंडू आला. त्यानं हातात धरला, पाय मागं घेतला, आणि समोर बघितलं. तर समोर मी. तुमच्या घोंगड्यात. तुमचे नगराध्यक्ष एका बाजूला आणि ढोलवाला दुसऱ्या बाजूला. पोराचं तोंड असं उघडं पडलं. एक क्षण थांबला, बस. तेवढ्यात तुमचा तो जाडा..."

"ओटो! ओटो लुंड!"

"...हात वर करून आला आणि एव्हननं मारलेला चेंडू त्याच्या छातीवर आपटला. आणि मागं आला, असा." तिनं वाकून अंडं बर्फावर सोडलं. अंडं लडबडत, एकदा इकडं एकदा तिकडं, कुंपणाकडं निघालं. चेंडू तसाच तर चालतो. गस गुडघ्यांवर बसला. "कुणाच्याच हाताला लागेना. आमचे दोघं घसरून पडले. चेंडू चाललाय, चाललाय, रेषेच्या पलीकडं गेला..."

अंडं कुंपणाच्या कडेला थडकून थांबलं.

"आणि ओटो?" गसनं विचारलं. "ओटोनं काय केलं?"

"त्यानं आयुष्यात कधी चेंडूला हात लावला नसावा बहुतेक. तो नुसता बघत उभा. सगळं मैदान ओरडतंय, पड, पड, पड..."

"पड!" गस ओरडला. रस्त्यावरचं घोडं बिचकलं. "ओटो, पड लेका!"

आणि गस बेंडर पडला. साठीला आलेला माणूस, अंगात रविवारचा कोट, दोन्ही हात पसरून, पोटावर, सगळ्या वजनानिशी त्या अंड्यावर पडला. कवच फुटल्याचा आवाज झाला. बर्फात तोंड खुपसून तो हसत होता की रडत होता, ते हॅनालाही सांगता आलं नाही. पण ती तशीच उभी राहून त्याच्यासाठी टाळ्या वाजवत होती.

चिखलानं माखलेला एव्हन प्रोसर आईला शोधत फाटकातून बाहेर आला. हातात चामड्याची टोपी, डोळे सुजलेले. त्यानं आधी आईकडं बघितलं, मग जमिनीकडं.

"आई, हा कोण? काय झालंय याला?"

"शू," हॅना म्हणाली. "थांब जरा. जिंकू दे त्याला."

तिघंही तिथंच थांबली. चौकात बँड वाजत होता, बर्फ पडत होतं, आणि गस काही लवकर उठला नाही.